नळीतला झेंडू

कौंडण्यपूरच्या पंजाबरावांच्या होडीचं इंजिन कोरोनापासून गोठ्यात कडब्याखाली पडलं होतं. आज ते चालू करून बायकोला, बेबीताईला, नदीपल्याड माहेरी न्यायचा त्यांनी शब्द दिला होता. टाकी धुतली, प्लग घासला, नवं पेट्रोल भरलं. दोरी ओढून ओढून खांदा निखळायला आला, तरी इंजिन हूं की चूं करेना.

"काव, तू याले काही केलं तं नाई?"

"पूजा केली न. हळदकुंकू लावलं, अन् त्या नळीत आपल्या वावरातला झेंडू खोसला. गच्च!"

"अवं, थो धूर निंघाचा रस्ता व्हय!"

रागारागात त्यांनी पुन्हा दोरी ओढली. फाट्! झेंडू उडाला, पाकळ्या बेबीताईच्या डोक्यावर बरसल्या आणि इंजिन धडधडू लागलं.

बेबीताई लाजली. "लग्नात नुसत्या अक्षता पडल्या होत्या. फुलं आज पडले."

ती केस झटकायला लागली, तसा पंजाबरावांनी तिचा हात धरला.

"राहू दे. माहेरच्यांले दिसू दे."