बाबांनी न विचारलेला प्रश्न

व्हिसाच्या मुलाखतीची तालीम आमच्या फोटो स्टुडिओतच होत असे. दुपारी गिऱ्हाईक नसले की बाबा शटर अर्धे खाली ओढत, काउंटरमागच्या खुर्चीत अधिकारी होऊन बसत आणि मला समोरच्या गोल स्टुलावर बसवत. त्या स्टुलावर त्यांनी असंख्य अनोळखी माणसांना हनुवटी उचलायला आणि खांदे सैल सोडायला शिकवले होते. परदेशी गेलेल्या निम्म्या वस्तीचे फोटो त्यांनीच काढलेले. त्यामुळे या विषयात आपण अर्धे अधिकारी आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

"बोला, काय शिकणार?" बाबा घसा खाकरून विचारत.

"जुने फोटो आणि निगेटिव्ह जतन करायचं शास्त्र."

"मोठ्यानं. काचेपलीकडच्या साहेबाला ऐकू जायला हवं."

"आधी काचेच्या अलीकडं तरी ऐकू येऊ दे," मागच्या खोलीत फोटोंच्या कडा कापणारी आई म्हणे. "जन्मला तेव्हा नर्सनं चापट मारली, तर हा रडायचं सोडून तिच्याकडं नुसता बघत बसला होता."

आई फारशी अतिशयोक्ती करत नव्हती. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझे शब्द घशापाशी येऊन, दारातच चपला न काढता उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखे अवघडत. परदेशातल्या विद्यापीठाने प्रवेश दिला होता तो माझे लिखाण वाचून. लिहून मिळवलेले आता बोलून टिकवायचे होते. व्हिसा नाकारला गेला तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती, आणि पुढच्या वर्षी तो अभ्यासक्रम बंदच होणार होता.

हा विषय मला पुस्तकात सापडला नव्हता. काउंटरखाली बाबांचे पत्र्याचे डबे होते, आणि त्यांत कित्येक वर्षांच्या निगेटिव्ह. दमट हवेत त्या एकमेकींना चिकटू लागल्या होत्या. बाबा अधूनमधून एखादा डबा उघडत, आंबूस वास आला की क्षणभर थांबत, आणि झाकण पुन्हा लावत. झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण सारावे इतक्या हळू. त्या झाकणाच्या आवाजाने मला माझा अभ्यास दाखवून दिला.

मी मुलाखतीत मूग गिळून बसेन या धास्तीने आईने मला एका व्हिसा क्लासला घातले. तिथल्या सरांना सगळे गुरुजी म्हणत. गुरुजींचा सल्ला एकच होता: विचार करू नका, पाठ करा.

"शिक्षण संपल्यावर परत येणार का? सगळ्यांचं घोडं इथंच पेंड खातं," ते म्हणत. "म्हणा माझ्यामागं. आईवडिलांचा मी एकमेव आधार आहे आणि माझ्या देशात या क्षेत्राला उज्ज्वल भवितव्य आहे."

आम्ही एका सुरात म्हणत असू. माझ्या शेजारच्या मुलाला चार भाऊ होते. तोही एकमेव आधार होता.

घरच्या तालमीत मात्र हा प्रश्न कधी येतच नसे. बाबा विद्यापीठ विचारत, राहण्याची सोय विचारत, हाच विषय का म्हणून उलटतपासणी घेत, आणि मग अचानक उठून लेन्स पुसू लागत.

"बाबा, शेवटचा प्रश्न राहिला."

"कुठला? हां, तो. तो येतो की तुला."

ती लेन्स स्वच्छच असे. आमच्या घरात जे बोलवत नाही ते काम होऊन बाहेर येते, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. म्हणून मीही पुन्हा विचारत नसे.

मुलाखतीच्या दिवशी रांगेत माझ्या पुढे कडक इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण होता. काचेमागच्या अधिकारी बाईंनी त्याला तो प्रश्न विचारला आणि त्याने उत्तर दिले. "आईवडिलांचा मी एकमेव आधार आहे आणि माझ्या देशात या क्षेत्राला..." तेच शब्द, श्वास घ्यायची जागासुद्धा तीच. बाईंनी मान वर केली.

"कोणत्या क्षेत्राला?"

तो गोंधळला. साखळी तुटलेल्या माणसाने पुन्हा पहिल्या कडीपासून सुरुवात करावी तसा म्हणाला, "आईवडिलांचा मी एकमेव आधार..." बाईंनी नकाराची छापील चिठ्ठी ठेवून पासपोर्ट त्याला परत केला. तो वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

माझी पाळी आली. सुरुवातीच्या प्रश्नांना मी कसाबसा पुरा पडलो. मग त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "शिक्षण झाल्यावर परत येणार?"

गुरुजींचे वाक्य जिभेवर तयार होते, पण आता ते दुसऱ्याच्या तोंडून आलेले, उष्टे होते. मी ते परत गिळले. बाईंनी घड्याळाकडे नजर टाकली. संपले, असे वाटले. आणि कदाचित तसे वाटल्यामुळेच आतले काहीतरी सैल झाले.

"माझ्या वडिलांनी मला हा प्रश्न एकदाही विचारला नाही," मी म्हणालो. "म्हणजे त्यांना भीती वाटते. मलाही वाटते. त्यांच्या दुकानातल्या निगेटिव्ह खराब व्हायला लागल्यात. डबा उघडला की आंबट वास येतो. तो आला की समजायचं, आतली माणसं जायला लागली. ती वाचवायची कशी ते इथं कुणाला विचारावं कळत नाही. तिकडं शिकवतात, म्हणून जायचंय."

"आणि नंतर?"

"डबे तर इथंच आहेत."

"वास कशामुळे येतो?" एवढेच त्यांनी विचारले. मी सांगू लागलो: फिल्म कशी विरते, तिच्यातून आम्ल कसे सुटते, एक बिघडली की शेजारचीला कशी लागण होते. शेवटी त्यांनीच हात वर करून मला थांबवले आणि पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतला.

"बोललास का?" घरी पाऊल टाकताच आईने विचारले.

"बाईंनी हात करून थांबवलं मला."

"तुला? थांबवलं?" आई कात्री हातात धरून खुर्चीतच बसली. "अगं बाई! परत येईल तेव्हा ह्याच्यापुढं आपल्याला बोलायला मिळायचं नाही."

बाबा "छान, छान" म्हणाले आणि चालू असलेला दिवा बदलायला गेले.

व्हिसा आल्याची बातमी पसरली. निघायच्या आदल्या आठवड्यात एक मुलगी फोटो काढायला आली. बसता बसताच तिने विचारले, "काका, मुलाखतीत काय सांगायचं असतं हो?"

"मला काय विचारतेस? त्याला विचार. जाणारा तो."

माझे कान तापले. मग म्हणालो, "पाठ करू नका. तुमच्या अभ्यासातलं तुम्हाला खरंच जे आवडतं ते सांगा. आणि परत येणार का, हे आधी घरच्या कुणाला तरी मनापासून विचारू द्या."

"घरी विचारलं तर रडारड होईल."

"होऊ द्या. तिथं काचेपाशी होण्यापेक्षा बरी."

बाबा कॅमेऱ्यामागे वाकले होते. "हनुवटी जरा वर. खांदे सोड." मग कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता, त्याच आवाजात म्हणाले, "आणि काय रे, तू येशील ना परत?"

मागच्या खोलीतली कात्री थांबली. त्या मुलीला कुठे पाहावे कळेना.

"येईन बाबा," मी म्हणालो. "पण कधी, ते आज नाही सांगता येत."

"कधी ते कुठं विचारलं मी?" ते म्हणाले. त्यांनी बोटाने डोळ्याची कड टिपली आणि पुन्हा वाकले. "पोरी, हसू नकोस. व्हिसाचा फोटो आहे."