सैल झाकण

शरयूनं फरशीवर गुडघे टेकले आणि पांढऱ्या बादलीला कान लावला. आतून काहीच ऐकू येईना. झाकणात खोचलेल्या, आतला गॅस बाहेर सोडणाऱ्या एअरलॉकमधलं बोटभर पाणी निश्चल होतं. त्यातून एखादा तरी बुडबुडा फुटेल म्हणून तिनं मनात शंभर अंक मोजले, मग आणखी शंभर.

"मेलं ते," जिन्यावरून सासऱ्यांचा आवाज आला. "ओतून टाक."

तिनं मागे वळून पाहिलं नाही. ते वरून तिसऱ्या पायरीवर, एक हात कठड्यावर ठेवून उभे असणार. तिच्या खाली ते उतरत नसत.

"बाबा, प्लीज. मला बघू द्या."

"बघायचं काय त्यात? गॅस नाही म्हणजे जीव नाही."

जगन्नाथराव अमेरिकेत अ‍ॅशबर्नला येऊन सात आठवडे झाले होते. नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत त्यांनी एकतीस वर्षं केमिस्ट म्हणून काढली होती. मळी आंबवून तिचं अल्कोहोल करायचं हेच त्यांचं काम, पण स्वतः कधी थेंबाला शिवले नव्हते. सुनेनं घराच्या बेसमेंटमध्ये हौसेनं बिअर करावी, हे त्यांना पहिल्या दिवसापासून सहन झालं नव्हतं. "तुझ्या गुत्त्यात मी पाऊल टाकणार नाही," असं त्यांनी आल्याआल्या जाहीर केलं होतं. पुण्यातल्या मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना, शरयू समोर भाजी चिरत असताना, "आमच्या सूनबाई दारू गाळतात," हेही सांगून झालं होतं. जेवणाला नाव ठेवलं नाही असा एक दिवस गेला नव्हता. आमटी पाणचट, मसाला शिळा, चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. परवा त्यांनी ताट अर्ध्यावर सरकवलं तेव्हा ती म्हणाली होती, "उद्यापासून तुमचं तुम्ही करून घ्या." तिचा नवरा निमिष दोघांकडेही न बघता उठून गेला होता. आता तो कामासाठी आठवडाभर सिअ‍ॅटलला होता आणि ही दोघं घरात एकमेकांच्या दारांचे आवाज ऐकत राहत होती.

ही बादली नेहमीची नव्हती. जवळच्या एका ब्रूअरीनं घरगुती बिअरची स्पर्धा ठेवली होती. जो जिंकेल त्याची बिअर त्यांच्या मोठ्या टाकीत होणार, पाटीवर नावासकट लागणार. शरयू तीन वर्षं एकाच बिअरच्या मागे होती. गव्हाची बिअर आणि तिच्यात आईनं मालवणहून पाठवलेलं कोकम. चार वेळा बिघडली, पाचव्यांदा जमली, आणि हा सहावा घाणा. आज बारावा दिवस. बाटल्या तीन आठवड्यांत द्यायच्या होत्या, त्यातले दोन तर बाटलीत गॅस धरायलाच जातात. नव्यानं सुरुवात करायला वेळ उरला नव्हता. झाकण एकदा लावलं की उघडायचं नाही, या नियमानं तिनं बादलीला हात लावला नव्हता. गेला आठवडा तर डेटा सेंटरच्या नव्या हॉलच्या कामानं तिला खाली डोकवायलाही फुरसत दिली नव्हती.

ती उठताना तिचा हात झाकणावर पडला, आणि झाकण हललं.

हे झाकण तिनं स्वतः सगळीकडून दाबून, टक टक आवाज ऐकून बसवलं होतं.

"बाबा, हे तुम्ही उघडलंत?"

जिन्याची पायरी करकरली.

"मी काय विचारतेय?"

"उघडलं," ते म्हणाले. "मग?"

"मग? आत हवा जाते! हे तुम्हाला मी सांगायला हवं?"

"मला शिकवू नकोस."

"गुत्त्यात पाऊल टाकणार नव्हतात ना? मुद्दाम केलंत तुम्ही. मला धडा शिकवायला."

"मुद्दाम करायचं असतं तर दोन मुठी मीठ टाकलं असतं. तुझ्या बापाला कळलं नसतं."

हे उत्तर त्यांच्याकडे इतकं तयार असावं, याचाच तिला राग आला. "हात तरी धुतले होते का?"

या प्रश्नासरशी ते खाली उतरले. उरलेल्या सगळ्या पायऱ्या, कठडा न धरता.

"साठ हजार लिटरची टाकी नासली तर कुणाला जाब विचारायचे, माहितेय? मला. एकतीस वर्षांत दोन टाक्या गेल्या. दोन! आणि ही मला विचारते, हात धुतले का."

"मग सांगा ना! एवढं कळतं तर सांगा, हे नीट चाललंय की नाही. नुसतं जिन्यावर उभं राहून मेलं मेलं काय करता?"

जगन्नाथरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला. "टॉर्च."

तिनं फोनचा टॉर्च लावून दिला. त्यांनी झाकण एका बाजूनं उचललं आणि प्रकाश आत, बादलीच्या कडेवर टाकला. पातळीच्या चार बोटं वर तपकिरी फेसाचं वाळलेलं कडं होतं.

"एवढा वर चढला होता फेस. म्हणजे जोर होता. बुडबुड्यांवर जाऊ नये माणसानं. झाकण सैल, गॅस कडेनं निघून गेला."

"मघाशी तर म्हणालात, मेलं."

"मघाशी मी जिन्यावर होतो."

बादलीच्या तळाशी असलेल्या तोटीतून त्यांनी उभ्या नळीत नमुना काढला. त्यात घनता मोजणारा हायड्रोमीटर सोडला आणि त्याला चिटकलेले बुडबुडे सुटावेत म्हणून दोन बोटांत धरून एक गिरकी दिली. शरयूला हे कुणी शिकवलं नव्हतं. नको असताना ती त्यांच्या हातांकडे बघत राहिली. चष्मा शर्टाला पुसून ते आकड्याच्या पातळीला वाकले.

"१.०११. सुरुवातीला किती होता?"

"१.०४८."

"यीस्टची साखर खाऊन संपलीय. परवा पुन्हा मोज. आकडा हलला नाही तर बाटल्या भर." त्यांनी नळी नाकाशी नेली आणि डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. "वास स्वच्छ आहे."

तिनं नळी घेतली. नाकाजवळ नेण्याआधीच तिला कळलं. सॅलडवर ओततात त्या व्हिनेगरचा भपकारा. तिनं तरीही एक घोट घेतला. कोकमाचा आंबटपणा तिच्या ओळखीचा होता. हा तो नव्हता. ती सिंकमध्ये थुंकली.

"व्हिनेगर झालंय."

"शक्य नाही."

"वास घ्या ना."

"घेतला."

"पुन्हा घ्या."

त्यांनी पुन्हा घेतला. या वेळी खांदे वर येईपर्यंत. ते आता काहीतरी लागट बोलतील, तिच्या नाकाला, तिच्या तीन वर्षांना नाव ठेवतील म्हणून ती तयारीत उभी होती. पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. किळस नाही, शंकासुद्धा नाही. कपाळाला आठी घालून ते काहीतरी शोधत होते, आणि ते त्यांना सापडत नव्हतं.

त्यांनी नळी खाली ठेवली.

"मला येत नाही."

"काय येत नाही?"

"वास."

वॉशरच्या मागे हवेतली ओल शोषणारा डीह्युमिडिफायर घरघरत होता. शरयूनं विचारलं, "कधीपासून?"

"कोविडपासून. सगळे म्हणाले, येईल महिन्याभरात. मग निमिषची आई गेली, ते सगळं झालं. मग कुणाला सांगायचं राहिलंच."

"आम्हाला सांगायचं."

"तुला?"

तिनं झाकण बादलीवरून उचलून बाजूला ठेवलं. "एकदाच उघडलंत?"

"रोज. तू वर मीटिंगमध्ये असायचीस तेव्हा." ते बादलीकडे बघत बोलत होते. "कारखान्यात मी दारातूनच सांगायचो, कुठली टाकी बिघडतेय ते. टेस्ट नंतर. इथे म्हटलं, आमटीचा नाही, चहाचा नाही, तर निदान हा वास तरी येईल."

"माझी तीन वर्षं गेली त्यात."

"हो."

तिनं बादलीची कडी धरली आणि सिंककडे ओढली. त्यांनी दुसऱ्या बाजूनं हात घातला.

"नको," ती म्हणाली.

वीस लिटरची बादली तिनं एकटीनं उचलली. गुडघा कॅबिनेटवर आपटला तरी तिनं तोंडातून आवाज काढला नाही. सिंकच्या काठावर टेकवून तिनं बादली कलती केली तशी लालसर धार भसकन पडली आणि सगळ्या बेसमेंटमध्ये आंबूस वास भरला. जगन्नाथराव वर जातील असं तिला वाटलं होतं. ते तिथेच, तिच्यापासून दोन हातांवर उभे राहिले.

"कसा येतोय?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"वास. वरचा सोडून दे. त्याच्या खाली काय आहे ते सांग."

वर जा, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं. त्याऐवजी तिनं मान खाली घातली.

"कोकम," ती तुटकपणे म्हणाली.

"आणि?"

"आणि केळं. पिकलेलं. सालीला काळे ठिपके पडलेलं."

"आणखी?"

तिनं बादली सरळ केली. धार थांबली. ती आणखी खाली वाकली. "लवंगेसारखं काहीतरी. अगदी शेवटी येतं."

जगन्नाथरावांनी सावकाश मान हलवली. सिंकमधला फेस जाळीवर बसत, फुटत होता. त्यांची नजर त्यावरच होती.

"म्हणजे मी हात घालेपर्यंत बरोबर चाललं होतं," ते म्हणाले.

बादलीत अजून निम्मं उरलं होतं. शरयूनं ती पुन्हा कलती केली, पण या वेळी धार बारीक ठेवली आणि चेहरा तिच्याजवळ नेला.

"अजून एक काहीतरी आहे," ती म्हणाली. "थांबा."