बिनविस्तवाचा फराळ

सिद्धलिंगप्पांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा श्रावण नुकताच लागला होता. फुप्फुसं पार थकली होती. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं, नाकाला नळी लागली. मशीन बसवायला आलेल्या माणसानं स्वयंपाकाच्या ओट्याकडे बोट दाखवून सांगितलं, ऑक्सिजनजवळ आग भडकते, या घरात आता विस्तव पेटवायचा नाही. गॅस नको, उदबत्ती नको, देवापुढचं निरांजनसुद्धा नको. मंगळवार पेठेतलं घर दोनच खोल्यांचं, मध्ये दारही नाही. त्यांच्या बायकोनं, दाक्षायणीनं, त्याच संध्याकाळी गॅसचा सिलिंडर भावाच्या घरी पाठवला आणि देव्हाऱ्यात विजेचा दिवा लावला.

विजेच्या शेगडीवर चहा व्हायचा, भात व्हायचा. पण फोडणी दिली की सिद्धलिंगप्पांना असा ठसका लागायचा की जीव घाबरा व्हायचा. समोर राहणाऱ्या शांतम्माच्या कानावर तो ठसका चार दिवस पडला. पाचव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ तिच्या घरून डबा यायला लागला. ज्वारीची भाकरी, एखादी भाजी, कधी शेंगांची चटणी.

भाद्रपदात एकदा भर दुपारी वीज गेली. मशीन बंद पडलं. बाहेर न्यायचा म्हणून दिलेला छोटा ऑक्सिजन सिलिंडर लावला, तर तासाभरात त्याचाही काटा खाली यायला लागला. दाक्षायणी दारात येऊन नुसती उभी राहिली. शांतम्माचे यजमान मडिवाळप्पा जेवत होते, ते तसेच उठले. घरातला इन्व्हर्टर त्यांनी सोडवला आणि बॅटरीसकट, गल्लीतल्या दोघांना हाताशी धरून, इकडे आणून जोडला. वीज आल्यावर दाक्षायणी म्हणाली, आता घेऊन जा. ते म्हणाले, राहू द्या की, आम्हाला काय, पंखाच तर हाय. तेव्हापासून तो इथंच होता. वीज गेली की समोरची माणसं ओट्यावर बसून पुठ्ठ्यानं वारा घ्यायची, आणि ते बघणं दाक्षायणीला जड जायचं.

तिला आणखी एक गोष्ट खात होती. तिच्या माहेरी, अक्कलकोटला, शेजाऱ्यांचा डबा कुणी रिकामा परत करत नसे. सुरुवातीला तिनं चार दिवस मूठभर साखर घातली. मग शांतम्मानंच दम दिला, एवढी साखर कुठं ठेवू मी. त्यावर दोघी हसल्या. पण डबा रिकामा द्यायची सवय काही दाक्षायणीला झाली नाही.

दिवाळी आठवड्यावर आली. गल्लीत बेसन भाजल्याचा वास सुटला. पुण्याहून लेकीचा, चंद्रिकाचा, फोन आला की फराळ विकतचा आण, मी पैसे पाठवते. दाक्षायणीनं ठाम सांगितलं, विकतचा नको. शांतम्माला द्यायचंय ते माझ्या हातचंच पाहिजे. तळायचं नाही, भाजायचं नाही, धूर नाही, असं काही असेल तर सांग.

लेकीनं खोबऱ्याचं चॉकलेट सांगितलं.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दाक्षायणीनं नव्या पेठेतून सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस, कंडेन्स्ड मिल्कचा डबा आणि चॉकलेटची लादी आणली. घरी पोचेपर्यंत उन्हानं लादी वाकली होती, ती आधी फ्रिजमध्ये गेली. किसात घट्ट दूध आणि वेलदोड्याची पूड घालून तिनं परात खाली घेतली आणि गोळे वळायला बसली.

पलंगावरून आवाज आला, "काय करलालीस?"

तीन महिन्यांत सिद्धलिंगप्पांनी स्वतःहून विचारलेला हा पहिलाच प्रश्न असावा. तिनं सांगितलं. ते थोडा वेळ बघत राहिले. चौतीस वर्षं त्यांनी टॉवेलच्या कारखान्यात माल तपासण्याचं काम केलं होतं; एक धागा इकडचा तिकडे झाला तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

"एक मोठा, एक बारका झालाय," ते म्हणाले. "आण हिकडं."

तिनं परात पलंगावर ठेवली, त्यांचे हात धुवून दिले. ते सावकाश वळायला लागले. पाच गोळे झाले की थांबायचे, दम घ्यायचे, पुन्हा सुरू. तिनं दोनदा म्हटलं, राहू द्या, दमाल. त्यांनी मान हलवली आणि तिनं आधी वळलेले गोळेही मोडून पुन्हा वळले.

गोळे फ्रिजमध्ये गेले. दाक्षायणीनं शेगडीवर पाणी तापवून त्यावर वाडगं ठेवलं आणि चॉकलेट वितळवायला घेतलं. चमचा ओला होता, ते तिच्या लक्षात आलं नाही. चकचकीत झालेलं चॉकलेट बघता बघता आखडलं, त्याचा रवाळ गोळा झाला. तिचे डोळे भरले. एवढी एक गोष्ट करायची होती, तीसुद्धा धड होईना.

सिद्धलिंगप्पा म्हणाले, "निम्मी लादी हाय की अजून. रडायला काय झालं?"

दुसऱ्या वेळी तिनं वाडगं, चमचा, हात, सगळं कोरडं पुसलं. आखडलेलं चॉकलेट उरलेल्या खोबऱ्यात दुधाबरोबर मळून घरापुरत्या वड्या थापल्या. थंडगार गोळा काट्यानं उचलून चॉकलेटमध्ये बुडवायचा, निथळू द्यायचा, कागदावर ठेवायचा. एकेचाळीस झाले. संध्याकाळी ते कडक आणि काळेभोर दिसत होते, आणि सगळे एकाच मापाचे.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिनं शांतम्माचा डबा काठोकाठ भरला आणि निघाली.

"थांब," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "मी पण येतो."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण ते पाय खाली सोडून बसले होते. तिनं भरून आणलेला छोटा सिलिंडर जोडला, खांद्याला अडकवला, त्यांचा दंड धरला. दहा पावलांची गल्ली ओलांडायला तीनदा थांबावं लागलं.

समोरच्या ओट्यावर शांतम्मानं नुकत्याच पणत्या लावल्या होत्या. या दोघांना येताना पाहिलं, सिलिंडर पाहिला, आणि ती वाकली. एकेक पणती फुंकून विझवली. मडिवाळप्पांनी आतून खुर्ची आणली. सणाच्या पहिल्या संध्याकाळी सगळ्या गल्लीत तेवढाच एक ओटा अंधारा झाला.

दाक्षायणीला वाटलं, आभार मानायला आलो, तर हिनं आणखी एक उपकार करून ठेवला. तिनं डबा पुढे केला.

"तीन महिने तुमच्या हातचं खाल्लं, शांतम्मा," ती म्हणाली. "आज आमच्या हातचं खावा."

"गोळे मी वळलेत," सिद्धलिंगप्पा म्हणाले.

शांतम्मानं एक तोंडात टाकला. चॉकलेट कुडकन मोडलं. तिनं दुसरा उचलून नवऱ्याच्या हातावर ठेवला, तिसरा स्वतः घेतला. मग पदरानं डोळे पुसून, ओलं खोबरं चालेल का याला, असं विचारायला लागली.

सिद्धलिंगप्पांनी ते नीट समजावून सांगितलं, दोनदा दम घेत. चौघं अंधारात बसून राहिले, शेजारपाजारच्या दिव्यांच्या उजेडात, सिलिंडरचा काटा अर्ध्यावर येईपर्यंत.