क्षमा मागून

“तेव्हा माझंच चुकलं. माफ कर बाबा,” असं म्हणत आप्पांनी दूधवाल्यापुढे हात जोडले आणि सूनबाईच्या हातातलं पातेलं कलंडायचंच बाकी राहिलं.

दूधवाला बिचारा गडबडला. “अहो आप्पा, झालं तरी काय?”

“तू दुधात पाणी घालतोस असं मी चारचौघांत म्हणालो होतो.”

“कधी?”

“झाली असतील बरीच वर्षं.”

“मग तेव्हा घालतच होतो की,” दूधवाला खाली बघत म्हणाला. “तुम्ही कशाला माफी मागता?”

आप्पा खळखळून हसले आणि हसता हसता त्यांची वरची कवळी टक्कन खाली घसरली. ती जिभेने जागेवर बसवत ते आत गेले. सूनबाईला मात्र हसू आलं नाही. गेल्या आठवड्यात आप्पांनी शेजारच्या काकूंची माफी मागितली होती. परवा आपल्या लेकाची, म्हणजे सूनबाईच्या नवऱ्याची. लहानपणी त्याला एकदा विनाकारण मारलं होतं म्हणून. “म्हातारपण, दुसरं काय,” म्हणत नवऱ्याने ते हसण्यावारी नेलं होतं. पण नवरा कधी घरातल्या बोळकंडीत थांबून भिंतीकडे बघणारा नव्हे.

बोळकंडीत चार चौकटी टांगलेल्या होत्या. घराणं मोठं भाविक, पण चौकटींत ना फोटो, ना चित्र. होती ती एकोणिसाव्या शतकातल्या वर्तमानपत्रांतली मृत्यूच्या बातम्यांची कात्रणं, चहा सांडल्यासारखी तपकिरी पडलेली. त्या माणसांचे चेहरे आता कुणालाच ठाऊक नव्हते. ती कशी गेली तेवढंच घराला ठाऊक होतं. आप्पा दर रविवारी काचा पुसत आणि पुसता पुसता मोठ्याने वाचत. पहिलं कात्रण १८६४ सालचं, खापरपणजोबांचं: ‘आमचे परम भाविक वडील मंगळवारी प्रातःकाळी, शेवटपर्यंत शुद्धीवर राहून, सर्वांची क्षमा मागून देवाघरी गेले.’ पुढची दोनही तशीच. चौथं आप्पांच्या पणजीचं, १८९१ सालचं, जरा लांबलचक: ‘थोरल्या जाऊबाई परगावाहून परत येईपर्यंत वाट पाहून, त्यांची क्षमा मागून, त्याच सायंकाळी.’

“आमच्याकडे कुणाचं काही ठेवून कुणी जात नाही,” आप्पा अभिमानाने सांगत. आणि एकदा सगळं फेडलं की कुणी राहतही नाही, हे ते सांगत नसत. ते सूनबाईने आपलं आपण वाचलं होतं.

आता आप्पांना माफी मागायला कोण राहिलं होतं? तीच.

तिच्या वाटणीची माफी साधीसुधी नव्हती. तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. घरात मोठी प्रार्थना चालू होती, माणसांनी खोली भरलेली. माहेराहून फोन आला, वडील अत्यवस्थ आहेत, ताबडतोब निघ. फोन आप्पांनी घेतला. प्रार्थना मोडू नये म्हणून निरोप मनातच ठेवला आणि शेवटचा माणूस चपला घालून गेल्यावर तिला सांगितला. ती पोचली तेव्हा वडिलांना झाकलेलं होतं. त्यावर आप्पा कधी एक अक्षर बोलले नाहीत, आणि तिनेही कधी विषय काढला नाही. काढला असता तर भडाभडा बोलली असती.

आणि तरी तिचा आप्पांवर जीव होता. ती दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवायची. सून दिवसभर परक्यांचे दात घासत बसते म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली, तेव्हा आप्पांनी आपले उरलेसुरले दात काढून घेतले आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, “माझे दात माझी सून करेल.” त्यानंतर कुणाची बोलायची टाप नव्हती.

दूधवाला गेला त्याच दुपारी आप्पा स्वयंपाकघराच्या दारात आले. “सूनबाई, जरा बस. तुझ्याशी एक बोलायचं राहिलंय.”

तिने लगेच हात पुढे केला. “बोलू की, आप्पा. आधी ती कवळी काढा बघू. किती सैल झालीय. आतून भरून आणते.”

आप्पांनी निमूटपणे कवळी तिच्या हातावर ठेवली. तिने वेळ मारून नेली होती. दातांवाचून आप्पा प्रार्थना करत नसत की गंभीर बोलत नसत. बोळक्या तोंडाने शब्द फुसके निघतात, असं त्यांचं म्हणणं.

कवळी दुसऱ्याच दिवशी तयार झाली. सूनबाईने ती पाण्याच्या वाटीत घालून कामावरच्या टेबलाच्या खणात ठेवली आणि घरी सांगितलं, “कामाचा ढीग पडलाय, आप्पा. थोडं थांबा.” जी माफी आप्पांनी मागितली नाही म्हणून ती इतकी वर्षं आतल्या आत जळत होती, तीच आता तिला नको झाली होती.

संध्याकाळची प्रार्थना थांबली. घर इतकं गप्प झालं की नळाचा थेंब ऐकू यावा. आप्पा पातळ काहीतरी दोन चमचे घेत आणि वाटी सरकवत. गाल आत गेले, सदरा खांद्यावर लोंबू लागला. त्यांना धरून ठेवायला गेलेली ती, आणि तिच्याच डोळ्यांदेखत ते विरत चालले होते.

“अगं, घरच्या माणसाची कवळी अडून राहते म्हणजे काय?” नवरा चिडला. “लोक शेण घालतील तोंडात.”

एका सकाळी आप्पांनी वाटी हातात घेतलीच नाही. तिच्याकडे बघत म्हणाले, “शूनबाई, शमजलंय मला.”

ती तशीच कामावर गेली आणि दुपारीच कवळी घेऊन परतली. खुर्चीजवळ बसून तिने ती आपल्या हाताने बसवली, दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरली. मग सफरचंदाची फोड पुढे केली. आप्पांनी करकन चावा घेतला, सावकाश चावून गिळला, आणि तिला उठू दिलं नाही.

“त्या दिवशी देवापुढे बसलो होतो, आणि तुझ्या बापाचा निरोप दाबून ठेवला. देवाने सांगितलं नव्हतं तसं. लोकांत शोभा नको, म्हणून केलं मी. क्षमा कर मला.”

“आत्ता नाही,” ती म्हणाली. “मागून देईन.”

“मागून?” आप्पांनी बोळकंडीकडे बघितलं आणि हसले. या वेळी कवळी हलली नाही. “तिथे नुसतं ‘क्षमा मागून’ असं छापलंय गं. मिळाली की नाही, ते कुणीच लिहिलेलं नाही.”

“मग मिळेपर्यंत थांबा ना, आप्पा.”

“बघतो,” ते म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी प्रार्थना म्हटली, खणखणीत. सकाळी ती चहा घेऊन गेली तेव्हा कवळी उशाशी वाटीत होती आणि आप्पा गेलेले होते.

घर माणसांनी भरलं. नवरा पेपरात द्यायचा मजकूर लिहीत बसला होता. रडून लाल झालेले डोळे वर करून त्याने विचारलं, “‘सर्वांची क्षमा मागून’ असं घालू ना?”

“घाला. मागितली त्यांनी,” ती म्हणाली.

लोकांनी दर्शनाला आत यायच्या आधी तिने खोलीचं दार लावून घेतलं. आप्पांचं तोंड आत ओढलं गेलं होतं, कुणा अनोळखी म्हाताऱ्यासारखं. तिने कवळी धुतली, त्यांचे ओठ हळूच उघडले आणि ती वर सरकवली. गाल भरले. आप्पा पुन्हा आप्पा दिसू लागले.

“दिली,” ती म्हणाली, आणि कवळी नीट धरेपर्यंत दोन्ही अंगठे दाबून बसून राहिली.