व्हिनेगरची बरणी

मास्तरांना अक्कल शिकवायची सवय, शिकायची नाही. निवृत्तीनंतर त्यांनी द्राक्षांच्या मळ्यांखालच्या गावात घर घेतलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. इथे कुणी घरात व्हिनेगर घालत नाही. तुमचं आमचं तळघर भिंतीला भिंत लावून आहे, मध्ये झरोका आहे, आणि पलीकडे माझी वाइनची पिंपं; व्हिनेगरवरचं एक चिलट तिकडे गेलं तरी वाइन आंबते. मास्तरांनी मान डोलावली आणि मनात म्हटलं, काय एकेक खुळं! महिन्याभरात त्यांनी व्हिनेगरसाठी उरलेल्या वाइनची बरणी तळघरात, नेमकी झरोक्याखालीच ठेवली. फडकं बांधलं तेही सैल.

उन्हाळा सरताना काकूंची दोन मोठी पिंपं आंबली. वर्षभराची मेहनत मातीमोल झाली. नीट घासली नाहीत म्हणून काकूंनी पिंपं धुणाऱ्या दादाला धारेवर धरलं आणि घरी बसवलं. तीस वर्षं तो त्या पिंपांत डोकं घालून घासत आला होता. आता गावात दुसरं कुणी त्याला दारात उभं करेना.

हे कानावर येताच मास्तर धावत आपल्या तळघरात गेले. बरणीवर चिलटं घोंघावत होती, झरोक्यातून बिनदिक्कत ये-जा चालली होती. सांगून टाकायचं? छे! त्यांनी बरणी मोरीत ओतली, फरशी तीनदा धुतली आणि वर येऊन पेपर उघडून बसले. अक्षर एक वाचलं असेल तर शपथ. पुढचे आठ दिवस काकू दिसल्या की हे महाशय परसदारी सटकत. स्वतःचीच इतकी लाज वाटे की दाढी करतानाही आरशाकडे नीट बघवत नसे.

नवव्या दिवशी सकाळी दादाच दारात. टोपी हातात, कपडे इस्त्रीचे. म्हणाला, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेवढं काकूंना माफीचं पत्र लिहून द्या. मास्तरांनी कागद घेतला.

"लिहा, चूक माझीच," दादा सांगू लागला. "मी घासली होती नीट. पण आता वय झालं, राहिलं असेल कुठेतरी. पुन्हा होणार नाही. पगार कमी दिलात तरी चालेल."

मास्तर लिहीत गेले. तेच शाळेतलं वळणदार अक्षर, एकही खाडाखोड नाही. शेवटी दादाने सही करायला पेन मागितलं, तेव्हा मात्र ते मास्तरांच्या हातातून सुटेना. मास्तरांनी कागद ओढून घेतला, घासण्याची आणि पगाराची अशा आतल्या दोन ओळी खोडल्या आणि खाली स्वतःचं नाव घातलं. मग तसेच सपाता घालून काकूंच्या अंगणात गेले. दादा गोंधळून मागोमाग.

काकूंनी पत्र वाचलं. मास्तरांनी बरणीचं, झरोक्याचं, मोरीत ओतल्याचंही सगळं सांगितलं, एका दमात, मान खाली घालून. काकूंनी तळघराची किल्ली काढून दादाच्या हातात दिली आणि मास्तरांकडे पाठ करून आत गेल्या.

मास्तर दादाला काहीतरी म्हणणार होते. माफ कर, असंच काहीतरी. पण दादाच आधी बोलला, अगदी हळू.

"मास्तर, निदान मी सांगत होतो तेव्हा तरी मला थांबवायचं होतंत."