बाहेरचा साक्षीदार

आनंदरावांनी मशीन जुन्या चादरीत गुंडाळलं, गव्हाच्या कोठीत उभं ठेवलं आणि पातेल्यात काढून ठेवलेले गहू पुन्हा वरून ओतायला सुरुवात केली. कोठी अर्धी भरली तेव्हा मागून कांताबाईंचा आवाज आला.

"पुरताय का त्याला?"

"लपवतोय," आनंदराव म्हणाले. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

"मग तांदळात तरी ठेवायचं. गहू मला आज दळायला टाकायचेत."

त्यांनी उरलेले गहू ओतले, वरून हाताने सारखे केले, झाकण लावलं आणि हात झटकले. झाकण नीट बसलंय का ते पुन्हा दाबून पाहिलं. कांताबाईंनी ते पाहिलं आणि पुढची थट्टा गिळली. पोरीने मशीनवरचं सगळं पुसलं म्हणून सही केली आणि मग हे सापडलं तर तिची नोकरी जाईल, पुढे दुसरीकडेही कुणी दारात उभं करणार नाही, एवढंच त्या हळू आवाजात बोलल्या. कोठीत कोण बघायला येतंय, असं आनंदराव म्हणाले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

मशीन म्हणजे टीव्हीला जोडून खेळ खेळायचा कन्सोल. तो प्राचीच्या ऑफिसचा होता. प्राची त्यांची मुलगी. इंदूरला विजय नगरातल्या अकरा जणांच्या एका कंपनीत मुख्य इंजिनिअर. परदेशातला खेळ एका मशीनसाठी तयार झालेला असतो, तो दुसऱ्या मशीनवर तितकाच सफाईने चालेल असा पुन्हा बांधून द्यायचा, हे त्यांचं काम. गेले बावीस महिने एकाच खेळावर ते अकराही जण बसले होते. सहा आठवड्यांचं काम उरलं होतं. आणि मागच्या सोमवारी बातमी आली, की हा खेळ प्रसिद्ध करणारी कंपनीच एका बड्या कन्सोलवाल्याने विकत घेतली. तो कन्सोलवाला म्हणजे 'आपल्या' मशीनचा प्रतिस्पर्धी. त्याने पहिल्याच आठवड्यात हुकूम काढला: खेळ फक्त आमच्या मशीनवर येईल. इंदूरचं काम रद्द. जे झालंय ते शेवटच्या प्रतीपर्यंत पुसून टाका आणि तसं प्रमाणपत्र शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवा.

आज शुक्रवार होता.

आता यात महूच्या लष्करी कचेरीत एकतीस वर्षं रेकॉर्ड क्लार्क म्हणून काढलेल्या माणसाने एवढं पेटून उठायचं काय कारण, असं कुणालाही वाटेल. आनंदराव मुळात पेटणारे नव्हतेच. ओळखीचा माणूस समोरून आला तर काय बोलावं या धास्तीने ते रस्त्याची बाजू बदलत. वाचनालयाच्या पुस्तकात पानं नसली तर ती आपणच फाडली असं वाटेल म्हणून तसंच परत करत. पण वर्षापूर्वी प्राचीचा घोटा मोडला, ती दोन महिने घरून काम करू लागली, आणि तिच्यासोबत मशीन घरी आलं. आधी ते नुसते शेजारी बसून बघत. मग एक दिवस तिने रिमोटसारखं ते यंत्र त्यांच्या हातात दिलं.

खेळात एक दरी होती. धरण बांधून होत आलंय, वर्षभरात दरी पाण्याखाली जाणार. तुम्ही मोजणी खात्यातली एक बाई. गावोगाव पायी हिंडायचं, म्हाताऱ्यांना विचारायचं, ओढ्यांची, टेकड्यांची, शेतांची नावं लिहून घ्यायची. एवढंच. कुणाला मारायचं नाही, कुठे धावायचं नाही. आनंदरावांना वाटलं, हे कुणीतरी आपल्यासाठीच केलंय.

चुका त्यांना आपोआप दिसायला लागल्या. कचेरीतल्या सवयीने त्यांनी रजिस्टर घातलं: तारीख, वेळ, स्थळ, काय घडलं, किती वेळा तपासलं. 'तिसऱ्या गावच्या पुलावर उजवा पाय घोट्यापर्यंत फळीत जातो. पाच वेळा पाहिले. पाचही वेळा.' प्राची ती पानं ऑफिसात नेऊ लागली. घोटा बरा झाला, ती परत कामावर जाऊ लागली, पण मशीन घरीच राहिलं. रोज सकाळी तिथले लोक विचारत, अंकलजींची रिपोर्ट आली का? अकरा माणसं आपण काय म्हणतो याची वाट बघतायत, हे आनंदरावांच्या आयुष्यात एकाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा घडत होतं.

आणि आता ती दरी कुणीतरी धरणाआधीच बुडवत होतं.

साडेअकराला प्राची आली. सोबत कंपनीचा मालक ऋषभ. चाळिशीचा, गोलमटोल, पक्का इंदोरी. त्याने वाकून दोघांना नमस्कार केला, चहा मागून घेतला, शेवेच्या बशीत हात घातला आणि मग जरा ओशाळून म्हणाला,

"अंकलजी, मशीन लेने आया हूं. और आपका एक साइन भी चाहिए. एक विटनेस बाहर का होना, कंपनी का नहीं. प्राची बोली, बाबा को मत बोलो. पर मैंने कहा, अंकलजी से ज्यादा किसने देखा है ये गेम?"

"मी सही करणार नाही," आनंदराव म्हणाले.

प्राचीने मान वर केली. बाबांचा असा आवाज तिने ऐकला नव्हता.

मग ते बोलत सुटले. चष्मे बनवणाऱ्याने पुस्तकांचा प्रकाशक विकत घ्यायचा आणि उद्यापासून सांगायचं, ही पुस्तकं फक्त आमच्याच चष्म्यातून दिसतील. बाकीच्यांनी आपापले चष्मे फेकून द्यावेत, नाहीतर आंधळे राहावेत. याला धंदा म्हणायचं की दरोडा? या खेळाचा पहिला भाग दोन्ही मशीनवर आला होता. लोकांनी तो विकत घेतला, तीन-तीन वर्षं दुसऱ्याची वाट पाहिली. त्यांनी काय पाप केलं? आणि खेळ करणारे वेगळे, विकणारे वेगळे, हा कन्सोलवाला मधून येतो आणि ज्याने एक रेघ ओढली नाही तो म्हणतो, पुसा. बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. आयुष्यभर न चढवलेला आवाज, तो एवढं वजन पेलेना. स्वयंपाकघराच्या दारात कांताबाई हातात लाटणं घेऊन उभ्या राहिल्या होत्या.

ऋषभने शांतपणे ऐकून घेतलं. मराठी त्याला सगळी कळत होती, बोलायला मात्र तो धजत नसे. मशीन कोणी मशीन म्हणून घेत नाही, तो समजावू लागला. त्याच्यावर जो खेळ मिळतो आणि दुसरीकडे मिळत नाही, त्याच्या ओढीने घेतात. म्हणून तर हे कन्सोलवाले असल्या संथ खेळांवरही पैसा लावतात, नाहीतर नावं लिहीत हिंडणाऱ्या बाईचा खेळ करायला कोण उभं राहिलं असतं? दोन्ही बाजूंना म्हणणं आहे, अंकलजी. त्याने बशी बाजूला सारली.

"और बुरा मत मानना. तीन साल पहले वो बोटवाला गेम सिर्फ अपनी मशीन पे आया, उसका काम अपने को मिला. एक्सक्लूसिव ही था वो भी. तब तो आपने पूरी गली में पेढे बांटे थे."

"तेव्हा कुणाचं काही पुसलं नव्हतं," आनंदराव म्हणाले.

ऋषभ काही बोलणार होता. पण त्याने प्राचीकडे पाहिलं आणि चहाचा कप उचलला. कप रिकामा होता.

"कागद दाखवा," आनंदराव म्हणाले. "कुठल्या दगडाने लिहिलाय तो बघू तरी."

"बाबा, राहू द्या ना. नसेल करायची तर नका करू सही. मी ऑफिसच्या इमारतीच्या वॉचमनला विचारते."

"दाखव."

तिने पिशवीतून सात पानं काढली. देताना तिचा हात जरा अडखळला, पण आनंदराव तेव्हा चष्मा शोधत होते.

इंग्रजीतले सरकारी मसुदे वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते बोट ठेवून वाचू लागले आणि मधूनमधून मोठ्याने मराठीत सांगू लागले, जणू प्रत्येक कलम साक्षीला उभं करायचं होतं. कोणतीही प्रत, पूर्ण वा अंशतः, कोणत्याही स्वरूपात, कोणाच्याही ताब्यात राहता कामा नये. चित्रं नाहीत. टिपणं नाहीत. हस्तलिखित नोंदवह्याही नाहीत.

"म्हणजे माझी रजिस्टरंसुद्धा," ते म्हणाले. "ऐकताय? चार रजिस्टरं. त्यात यांचं काय आहे? माझं अक्षर आहे. हे लिहिणारा माणूस नाही. याने कधी हाताने काही केलंच नसेल, म्हणून याला दुसऱ्याचं..."

त्यांनी पान उलटलं. सर्व कृती दोन साक्षीदारांसमक्ष व्हावी, पैकी एक बाहेरचा असावा. कृतीचं चित्रीकरण व्हावं. कागद असल्यास ते जाळावेत. नुसते जाळून थांबू नये. राख काठीने कुटावी, एकही अक्षर वाचता येणार नाही इतकी बारीक करावी.

"आता कॉम्प्युटरवाल्यांना राखेचं काय..." ते म्हणाले आणि थांबले.

बोट त्या ओळीवर तसंच राहिलं.

महूला कचेरीच्या मागे लोखंडी पिंप असायचं. वर्षाच्या शेवटी जुने गोपनीय कागद तिथे जाळत. तीन अधिकारी उभे राहत, त्यातला एक दुसऱ्या युनिटचा. आनंदराव यादी वाचत. मग एक जवान काठीने राख कुटे. त्याचं प्रमाणपत्र टाइप करायचं काम त्यांचं. एकतीस वर्षं त्यांनी हेच वाक्य, हाच स्वल्पविराम टाइप केला होता.

तीन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी प्राचीने दीड पानाचा मसुदा त्यांच्यापुढे ठेवला होता. बोटीचा तो खेळही याच प्रकाशकाचा. प्रकाशकाने कसलंसं प्रमाणपत्र तयार करायला सांगितलंय, बाबा, तुमची इंग्रजी चांगली आहे, जरा बघता? तिने शेवटी एक वाक्य घातलं होतं: ज्यांनी काम केलं त्यांना आठवण म्हणून आपापल्या कामाची थोडी चित्रं ठेवता येतील. आनंदरावांनी ते लाल शाईने खोडलं होतं. ही पळवाट आहे, ते म्हणाले होते. ती म्हणाली होती, असू द्या ना, बिचारे. कोण बिचारे, हे विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं. त्यांच्या हाताने दीड पानाची सात पानं झाली, महूच्या राखेसकट. ती परदेशात सगळ्यांना फार आवडली, आता तीच कायम वापरणार आहेत, असं पुढे प्राचीने सांगितलं तेव्हा त्या रात्री त्यांना आनंदाने जेवण गेलं नव्हतं.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"मेल उघडला तेव्हाच कळलं." प्राची जमिनीकडे बघत होती. "म्हणून तर दाखवत नव्हते."

"तेव्हा कुणाचं पुसलं?"

बोटीच्या त्याच खेळावर दुसऱ्या मशीनसाठी काम करणारी एक कंपनी होती, तिने सांगितलं. परदेशात, समुद्रकाठच्या कुठल्या तरी छोट्या गावात. आपल्याएवढीच. त्यांचं अर्धं झालं होतं. खेळ फक्त आपल्या मशीनवर आणायचं ठरलं, काम आपल्याला मिळालं आणि त्यांनी सगळं पुसल्याचे कागद गोळा करायची जबाबदारीही आपल्यावर आली.

कांताबाईंनी लाटणं खाली ठेवलं.

आनंदराव उठून स्वयंपाकघरात गेले. कोठीचं झाकण काढलं, बाही वर करायचंही भान न ठेवता हात कोपरापर्यंत गव्हात घातला. चादरीसकट मशीन बाहेर काढून ते टीपॉयवर आणून ठेवलं. चादर सोडली तशी मशीनच्या जाळीतून चार-दोन दाणे घरंगळले.

"अंकलजी," ऋषभ थक्क होऊन म्हणाला, "आप तो स्मगलर निकले." पण कोणी हसलं नाही. प्राची मशीनकडे, मग बाबांकडे बघत राहिली. मशीन कपाटात आहे असं तिला वाटत होतं.

आनंदरावांनी चारही रजिस्टरं आणून मशीनवर रचली. ऋषभने पेन उघडून पुढे केलं. चित्रीकरणासाठी त्याने आपला फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला होता.

आनंदरावांनी पेन घेतलं नाही.

"त्या लोकांनीही पाठवलं असेल. चित्रीकरण."

"हो."

"कसं होतं?"

प्राचीने रजिस्टरांच्या कडा सारख्या केल्या. "मी बघितलं नाही, बाबा. आलं, फाइलला लावलं. तपासलं म्हणून खूण केली."

"आहे अजून?"

"असेल."

"आधी ते लाव."

ऋषभने घड्याळाकडे पाहिलं. प्राचीने लॅपटॉप उघडला. जुन्या मेलमधून शोधायला तिला बराच वेळ लागला. मग पडद्यावर एक गच्ची दिसू लागली. मागे राखाडी समुद्र, भरपूर वारा. सात-आठ माणसं कोट घालून भिंतीला टेकून उभी. पुढे पत्र्याची बादली, आणि तिच्यापाशी गुडघ्यावर बसलेली एक पन्नाशीची बाई. ती एकेक वही उघडून बघे, पानं फाडे आणि आत टाके. कुणीतरी काहीतरी म्हणालं, दोघं-तिघं हसले, ती हसली नाही. आग विझली. मग तिने शेजारचा कागद उचलला, त्यावरची ओळ बोट ठेवून वाचली आणि झाडूचा दांडा घेऊन ती राख कुटू लागली.

ती कुटत राहिली. वाऱ्याने राख तिच्या बाहीवर, केसांवर उडत होती. मागची माणसं एकेक करून जिन्याने खाली निघून गेली. एकदा तिने हात थांबवून थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं, एवढं पुरे का, असं विचारल्यासारखं.

"पुरे, बाई," आनंदराव म्हणाले. "पुरे झालं."

तिने पुन्हा दांडा उचलला. पडद्याच्या खालच्या पट्टीवर अजून अकरा मिनिटं बाकी दिसत होती.