निर्माल्याचा पत्ता

पालकाची जुडी काढायला आईने फ्रिजचा भाजीचा खण उघडला आणि तिच्या हाताला लागली मऊ, गार, काळी पडलेली शेवंती. आजोबांच्या देवांची गेल्या आठवड्याची फुलं!

"तुमच्या वडिलांना सांगा," ती बाबांना म्हणाली. वडील, म्हणजे माझे आजोबा, हातभर अंतरावर जुनंच कॅलेंडर पुन्हा वाचत बसले होते. "एक तर ही पिशवी जाईल, नाही तर मी."

"तू कशाला जातेस? मीच जातो," आजोबा कॅलेंडरातच बघत म्हणाले. "काढा माझं परतीचं तिकीट. देवावरचं फूल ठेवायला वीतभर माती मिळत नाही, तिथे माझं काय काम?"

आजोबा रागावून बोलले असते तर मी मनावर घेतलं नसतं, ते रोज कशावर तरी रागावतात. पण हे ते शांतपणे म्हणाले होते.

अडचण खरी होती. निर्माल्य केरात टाकायचं नाही, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही. तिकडे, गावच्या घरी, आमच्या परसात खड्डा होता. इथे परदेशात आमचं घर चौथ्या मजल्यावर, गॅलरी नाही, खिडक्यासुद्धा चार बोटंच उघडतात. आधी बाबा सुटीच्या दिवशी पिशवी गावाबाहेरच्या झाडीत ठेवून यायचे. मग त्यांची कामाची पाळी बदलली, सुटी झोपेत जायला लागली आणि निर्माल्य फ्रिजमध्ये मुक्कामाला आलं.

"मी शोधते जागा," मी जाहीर केलं.

इथे आले तेव्हा वर्गात पाणी प्यायला जाऊ का, एवढं विचारायलाही माझी जीभ टाळ्याला चिकटायची. आता बाईच म्हणतात, जरा दुसऱ्यांनाही बोलू दे! शिवाय घरची अधिकृत दुभाषी मीच. त्यामुळे मला वाटत होतं, जगात मला न सुटणारं काही नाही. आणि खरंच, जागा मिळाली. इमारतीच्या मागे, सायकलींच्या शेडपलीकडे, कोपऱ्यात एक दाट झुडूप. तिथे कुणाचा पाय पडत नाही, कुणाचं लक्ष जात नाही.

आजोबांनी झुडूप पुढून पाहिलं, मागून पाहिलं, मुलगी बघायला गेल्यासारखं. मग म्हणाले, "बरं आहे."

दुसऱ्या दिवसापासून माझी शाळेची वेळ व्हायच्या आत आम्ही दोघं खाली. आजोबा वाकून फुलं एकेक करून बुंध्याशी मांडायचे, टाकायचे नाहीत. वर येताना लिफ्टमध्ये ते चक्क गुणगुणायला लागले. तिकिटाचा विषय निघाला नाही.

आणि मग एका सकाळी झुडपापाशी तळमजल्यावरच्या मोजेबाई उभ्या. हे नाव मी ठेवलेलं. त्यांच्या दोन पायांत कधीच एका रंगाचे मोजे नसतात. त्या दिवशी तर एक हिरवा, एक पट्ट्यापट्ट्यांचा, आणि वर चपला नाहीत. डोळे भरलेले.

"ही फुलं तुम्ही ठेवता?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला कसं कळलं? मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं."

"काय सांगितलं नव्हतं?"

"माझं मांजर. इथेच पुरलंय मी त्याला. माझी लेक लहान होती तेव्हापासूनचं." त्यांनी एकदम आजोबांचा हात दोन्ही हातांत धरला. "मला वाटलं, मला हसतील सगळे. आणि हे रोज फुलं आणतात."

आजोबा खांबासारखे ताठ. "काय म्हणते गं? कचरा करू नका म्हणते ना?"

माझ्या डोक्यात थाप तयारच होती, दोन्ही बाजूंची. बाईंना सांगायचं, हो, आम्हालाही फार वाईट वाटलं. आजोबांना सांगायचं, फुलं छान आहेत म्हणतायत. दोघेही खूश आणि आजोबा इथेच! मांजराच्या थडग्यावर देवाची फुलं वाहिली हे कळलं, तर ते आज संध्याकाळीच बॅग भरतील.

मी तोंड उघडलं. आणि आजोबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी इथली भाषा बोलते तेव्हा ते नेहमी तसेच बघतात, माझ्या ओठांवरून काही सांडेल आणि ते झेलतील असे. इथलं जग त्यांना माझ्या तोंडून मिळेल तेवढंच मिळतं. त्यात भेसळ कशी करायची?

मी आधी बाईंना खरं सांगितलं. फुलं आमच्या देवाची, आदल्या दिवशीची. मांजराचं आम्हाला माहीतच नव्हतं.

बाईंनी हळूच हात सोडला. "म्हणजे त्याच्यासाठी नव्हती." मग नाक पुसून म्हणाल्या, "असू दे. मी देव वगैरे मानत नाही. तुमचाही नाही, आमचाही नाही. पण ठेवा तुम्ही फुलं."

मग मी आजोबांकडे वळले. "आजोबा, इथे खाली यांचं मांजर पुरलंय."

आजोबा मटकन खाली बसले आणि भराभरा फुलं पिशवीत गोळा करायला लागले. झालं! मला विमानाचा आवाजच ऐकू यायला लागला.

"अगं भवाने, आधी चौकशी नाही करायची?" ते म्हणाले. "हिच्या घरचं माणूस गेलंय आणि आपण त्याच्यावर रोज उतरवलेली फुलं घालतोय? एकदा वाहिलं ते देवाचं झालं. ते दुसऱ्याला कसं द्यायचं? ही म्हणेल, म्हाताऱ्याने शिळ्यावर भागवलं!"

"आजोबा, माणूस नाही, मांजर."

"तेच ते."

हे मी बाईंना कसं सांगितलं, देवच जाणे. माझं मलाच हसू आवरत नव्हतं. त्याही रडता रडता हसायला लागल्या. "सांग त्यांना, मला शिळीही चालली असती."

"तिला चालतील. मला नाही चालणार," आजोबा म्हणाले. मग त्यांनी बाईंकडे निरखून पाहिलं. "देव मानत नाही म्हणते, मग हात कशाला जोडलेत?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, "थंडी वाजतेय."

आजोबा खो खो हसले. इथे आल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी पूजेआधीच त्यांनी तबकातलं एक पांढरं फूल बाजूला काढून ठेवलं.

"हे कुणाचं?" आईने विचारलं.

"खालच्या मांजराचं."

आईने बाबांकडे पाहिलं. "तुमचे वडील," एवढंच म्हणाली, पण हसत.

बाईंच्या दाराशी आता एक भली मोठी कुंडी आहे, अर्धी मातीने भरलेली. त्यांनीच ठेवली. निर्माल्य तिच्यात, ताजं फूल झुडपापाशी. आणि मला कुणी बोलावत नाही! आजोबा एकटेच खाली जातात. काल वर आले आणि "मांजर" हा शब्द इथल्या भाषेत मला म्हणून दाखवला. उच्चार भयंकर होता. मी म्हटलं, उत्तम.

"फुलं कुजून चांगली माती व्हायला सहा महिने तरी लागतील," ते चहा ओतता ओतता बाबांना म्हणाले. "मग त्यात काय लावायचं, ते मी आणि ती ठरवू."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. आईने उठून पालकाची जुडी भाजीच्या खणात ठेवली, चांगली ऐसपैस, आडवी.